क्रूझवर केबिन कुठली घ्यावी? सिम्फनी ऑफ द सीज आणि आमची अख्खी वरात

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. एवढ्या मोठ्या जहाजावर 'इंटिरियर (बिनखिडकीची खोली) घेऊ का बाल्कनी' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की खोली कुठल्या डेकवर आहे, पुढे आहे मधे आहे का मागे, आणि तिच्या डोक्यावर काय आहे. चुकीच्या जागची महागडी बाल्कनी घेण्यापेक्षा चांगल्या जागची बिनखिडकीची खोली शंभर वेळा परवडली, हे माझं ठाम मत आहे आणि नवऱ्याशी यावर भरपूर भांडून झालंय.

आता जहाजाबद्दल थोडं. सिम्फनी ऑफ द सीज हे रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं ओअॅसिस क्लासचं, म्हणजे ओअॅसिस नावाच्या एकाच धाटणीच्या जहाजांपैकी एक जहाज, फ्रान्सच्या सेंट नझेअरमधे बांधलेलं, २०१८ साली सेवेत आलं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज होतं. २ लाख २८ हजार टनांचं, ३६१ मीटर लांब, एका खोलीत दोघं धरले तर साडेपाच हजार माणसं आणि सगळे वरचे पलंग भरले तर साडेसहा हजारांच्या वर. खोल्याच पावणेतीन हजार! आता तो मान याच कंपनीच्या आयकॉन क्लासच्या जहाजांकडे गेलाय पण खरं सांगू का, इतक्या आकारानंतर मोठं काय नि अजून मोठं काय, चालून चालून पाय दुखायचे ते दुखतातच.

आम्ही न्यू जर्सीवाले, त्यामुळे बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरावरून गेलो. एडिसनहून गाडीने जा, बॅगा द्या, वर चढा, विमानाचा ताप नाही. बरोबर सासू-सासरे, आमची दोन कार्टी, आणि नणंद नि तिचा नवरा. तीन खोल्या घेतल्या आणि मुद्दाम तीन वेगवेगळ्या प्रकारच्या घेतल्या, त्यामुळे हा रिव्ह्यू एका दगडात तीन पक्षी असा आहे.

डोक्यावर काय आहे ते बघा असं मी का म्हणते त्याला कारण आहे. मागे एका दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर (नाव घेत नाही) आमची खोली पूल डेकच्या बरोब्बर खाली आली होती. पहाटे पाचला वर आरामखुर्च्या ओढायचं काम सुरू व्हायचं, लोखंडी पाय डेकवर खर्रर्र, मग पाणी मारणं, मग परत खर्रर्र. रात्री तिथेच डीजे. सुट्टीवर आलोय का बांधकामाच्या साइटवर राहतोय कळेना. त्यानंतर मी डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, बघितल्याशिवाय बुकिंगच करत नाही. डेक प्लॅन कंपनीच्या साइटवर फुकट असतात, आपल्या डेकचा उघडायचा, मग वरच्या डेकचा, मग खालच्या डेकचा, आणि तीनही एकाखाली एक ठेवून बघायचे. वर खोल्या, खाली खोल्या, अशी सँडविच खोली मिळाली की डोळे झाकून घ्या. सिम्फनीवर पूल डेक पंधरावा, म्हणजे चौदाव्यावरच्या खोल्या बघताना दोनदा विचार करा, आणि एजंट 'मॅडम सगळ्यात वरचा डेक देतो' असं कौतुकाने सांगायला लागला की ओळखा. खालच्या बाजूलाही तेच, थिएटर, कसिनो, नाचायची जागा यांच्या बरोब्बर वर झोपायची हौस कशाला. प्लॅनवर एखादी जागा नुसती कोरी पांढरी दिसली तर तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांचं काहीतरी असतं, किचन, ट्रॉल्या, कोठार, तेही शेजार म्हणून वाईटच.

आम्ही नववा डेक घेतला. वर दहावा खोल्यांचा, खाली बाहेरच्या बाजूला परत खोल्या. विंडजॅमर नावाचा बुफे सोळाव्यावर, मोठी डायनिंग रूम तिसऱ्या-चौथ्या-पाचव्यावर, म्हणजे आम्ही बरोबर मधे. आणि मधे म्हणजे जहाजाच्या लांबीच्याही मधे पण लिफ्टला अगदी चिकटून नाही, सात-आठ खोल्या सोडून. लिफ्टच्या तोंडाशी घेतली की येणारे-जाणारे, रात्री बारानंतरचे हसणारे, दार कुठलं ते विसरलेले, सगळे तुमच्या दाराशी. फार लांब घेतली की सासऱ्यांचे गुडघे. या जहाजावर लिफ्टचे मुख्य दोनच अड्डे आहेत, एक पुढे एक मागे, आणि कॉरिडॉर इतका लांब की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. सगळी दारं सारखी! सासूबाईंनी घरून गणपतीचं फ्रिज मॅग्नेट आणलं होतं, दारं लोखंडी असतात त्यामुळे चिकटतं, ते दाराला लावलं आणि मग सासरे 'गणपतीपाशी भेटू' असंच म्हणायला लागले. शेजारच्या गोऱ्या आजींनी विचारलं सुद्धा की हे कुठे मिळतं.

आता मळमळीचा विषय. लोक म्हणतात एवढं मोठं जहाज हलतच नाही. हलतं हो. कमी हलतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर, ते जहाजाचं डावं-उजवं डुलणं बरंच दाबून टाकतात पण पुढचं-मागचं टोक वरखाली होणं त्यांना थांबवता येत नाही. त्यामुळे अगदी पुढची आणि अगदी मागची खोली जास्त आपटते, मधली आणि खालची सगळ्यात कमी. न्यू जर्सीहून बहामाजकडे जाताना नॉर्थ कॅरोलिनाच्या केप हॅटरसच्या बाजूने जावं लागतं, तो टापू खवळण्यासाठी प्रसिद्धच आहे. फ्लोरिडाहून निघणाऱ्यांना तो लागत नाही, म्हणून त्यांचे रिव्ह्यू वाचून 'काही जाणवलं नाही' वगैरेवर आपण बेयॉनवाल्यांनी जाऊ नये. त्या रात्री हँगर कपाटात टकटक करत होते, नळाखाली ठेवलेला ग्लास किंचित सरकत होता, एवढंच. सासूबाई आलेपाकाची वडी तोंडात ठेवून घोरत होत्या. पुढच्या टोकाला खोली घेतलेलं एक कुटुंब सकाळी बुफेत भेटलं त्यांचे चेहरे मात्र हिरवे. पुढच्या टोकाला अजून एक गोष्ट, बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवायला पुढे मोठे पंखे असतात, या क्लासच्या जहाजांना चार आहेत, ते पहाटे चालू झाले की खालच्या डेकवरच्या पुढच्या खोल्यांना गरगर आणि थरथर जाणवू शकते. ज्यांना पहाटे उठून बेट बघायचंय त्यांना फुकटचा गजर.

आमची स्वतःची खोली इंटिरियर. सासू-सासऱ्यांच्या बाल्कनीच्या बरोब्बर समोर, कॉरिडॉर ओलांडला की त्यांचं दार. हा हिशोब मला फार आवडला आणि कुटुंबवाल्या सगळ्यांना मी हाच सांगते. दोन बाल्कन्या कशाला, एकच घ्या आणि समोरची इंटिरियर घ्या, दिवसभर सगळे बाल्कनीतच पडलेले असतात आणि रात्री पोरं अंधाऱ्या खोलीत मेल्यासारखी झोपतात. इंटिरियर साधारण दीडशे स्क्वेअर फूट, मुंबईवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही, पण चार जणांत बॅगा पलंगाखालीच जायला हव्यात, आणि त्या जातात, खाली भरपूर जागा असते. पोरांसाठी भिंतीतून वरचे पलंग उघडतात, शिडी असते, आमच्या धाकट्याला संपूर्ण क्रूझमधे तेवढंच आवडलं असा संशय आहे. अंधार मात्र खराखुरा. दिवा घालवला की हाताला हात दिसत नाही, सकाळ झालीय का रात्र आहे कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीवर जहाजाच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं ते लावून आवाज बंद करून ठेवायचं, बाहेर उजाडलं की खोलीत उजाडतं. याच कंपनीच्या काही जहाजांवर इंटिरियर खोलीत जमिनीपासून छतापर्यंत मोठा स्क्रीन लावून त्यावर बाहेरचा समुद्र लाइव्ह दाखवतात, व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात त्याला. ज्यांना बंद खोलीत घुसमटतं त्यांनी मात्र हे सगळं सोडा, त्यांना इंटिरियर नकोच.

सासू-सासऱ्यांची ओशन बाल्कनी, म्हणजे बाहेर समुद्राकडे उघडणारी. खोली साधारण एकशे ऐंशी स्क्वेअर फूट आणि बाल्कनी पन्नासेक, दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल, झालं. पण त्या दोन खुर्च्यांचे पैसे वसूल. सासरे सकाळी उठून तिथे बसायचे ते नाश्त्यापर्यंत, कानटोपी घालून! बहामाज जवळ आलं तरी कानटोपी. पाण्यावर वारा असतो म्हणाले, आणि असतोच. ओशन बाल्कनीत एक करायचं, सहाव्या-सातव्या डेकवर असेल तर आधी फोटो शोधून बघायचे, कारण लाइफबोटी खाली बाहेर आलेल्या असतात, समोर समुद्र दिसतो पण वाकून खाली बघितलं तर पाण्याऐवजी होड्यांची छपरं. आठव्या-नवव्यापासून वर ती भानगड नाही. आणि शेजारी-शेजारी दोन बाल्कन्या तुमच्याच माणसांच्या असतील तर मधलं पार्टिशन खोलीच्या अटेंडंटला सांगून उघडून घेता येतं, मोठी गच्ची होते. खोलीच्या आतून जोडणारं दार, कनेक्टिंग डोअर, ते मात्र ओळखीच्यांच्या मधेच बरं. अनोळखी शेजारी असेल तर त्या दारातून त्यांचं खोकणं, टीव्ही, भांडण सगळं येतं. डेक प्लॅनवर अशा खोल्यांमधे छोटी खूण असते, ती बघून टाळा.

नणंदेने बोर्डवॉक बाल्कनी घेतली आणि ही सगळ्यात धमाल. ओअॅसिस क्लासची जहाजं मधे पोकळ आहेत, म्हणजे दोन बाजूंना खोल्यांच्या उंच भिंती आणि मधे उघडं आकाश, मागच्या अर्ध्या भागात खाली बोर्डवॉक, तिथे खरोखरचा मेरी-गो-राउंड, खायची दुकानं आणि टोकाला अॅक्वाथिएटर जिथे रात्री उंचावरून पाण्यात उड्या मारायचे शो. बाल्कन्या या चौकाकडे तोंड करून. थोडक्यात गिरगावातली चाळ! समोरच्या गॅलरीत कोण उभं आहे, कोणाचे टॉवेल वाळतायत, कोणाचं पोर रडतंय, सगळं दिसतं, खालून पॉपकॉर्नचा वास, डोक्यावरून झिपलाइनवर लोक किंचाळत जातात. नणंद ताडदेवला वाढलेली, ती पहिल्या संध्याकाळपासून समोरच्या टेक्ससवाल्या बाईशी हात हलवून बोलायला लागली. तिला सुख. पण ज्याला शांतता हवी त्याने इकडे फिरकू नये, रात्री शो संपेपर्यंत गलका असतो आणि पडदा न लावता कपडे बदलायची तर सोयच नाही. घेतलीच तर जितकी मागे, अॅक्वाथिएटरच्या जवळ मिळेल तितकी घ्या, तिथून शोही दिसतो आणि मान वळवली की मागे समुद्रही. फक्त या जहाजावर मागे दहा मजल्यांची घसरगुंडी आहे, अल्टिमेट अबिस, तिच्या नळ्या काही खोल्यांच्या आड येतात.

सेंट्रल पार्क बाल्कनी आम्ही घेतली नाही पण नणंदेची ओळख झालेल्या एका जोडप्याची होती, तिथे चहाला जाऊन आलो. आठव्या डेकवर उघड्या आकाशाखाली खरीखुरी बाग, हजारो खरी झाडंझुडपं, बाक, पायवाट, आणि तुमची खोली तिच्यावर. वारा नाही, आवाज नाही, रात्री मंद दिवे. सासूबाईंनी बाल्कनीत उभं राहून दोन्हीकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "अगं, पण समुद्र कुठाय?" मी म्हटलं, "आई, समुद्र भिंतीच्या पलीकडे." "मग एवढे पैसे देऊन बाग बघायची? बाग आपल्या एडिसनला नाहीये का?" त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण ज्यांच्या चारपाच क्रूझ झाल्यात, समुद्राचं कौतुक ओसरलंय, झोप सावध आहे, त्यांच्यासाठी ही बाल्कनी खरंच उत्तम, बऱ्याचदा ओशन बाल्कनीपेक्षा स्वस्तही असते. पहिल्यांदाच जहाजावर येणाऱ्या आई-बाबांसाठी मात्र नाही. बागेत बसायला सगळ्यांनाच परवानगी आहे, तिथल्या पार्क कॅफेत सकाळी नाश्ता मिळतो आणि बुफेइतकी गर्दी नसते, खोली न घेताही बाग तुमचीच.

स्वीट, म्हणजे मोठ्या आलिशान खोल्या, यांच्याबद्दल मी काय सांगणार, बाहेरूनच बघितले. याच जहाजावर दोन मजली फॅमिली स्वीट आहे ज्यात वरच्या बेडरूममधून खालच्या हॉलमधे यायला घसरगुंडी आहे. माझ्या पोरांपासून ही माहिती मी लपवून ठेवली.

पैशाचं बोलू. सगळ्यात स्वस्त दिसते ती गॅरंटी केबिन, म्हणजे प्रकार तुम्ही निवडायचा आणि नंबर कंपनी देणार, तोही निघायच्या थोडेच दिवस आधी. दोघंच असाल, तरुण असाल, कुठेही झोपत असाल तर बिनधास्त घ्या. म्हातारी माणसं बरोबर असतील किंवा खोल्या जवळजवळ हव्या असतील तर हे वाचवलेले पैसे वाचलेले नाहीत, एक खोली डेक तीनवर पुढे आणि एक डेक बारावर मागे आली तर दिवसभर आजी कुठे आजोबा कुठे. दुसरं म्हणजे रॉयल-अप, बुकिंग झाल्यावर वरच्या प्रकारच्या खोलीसाठी बोली लावायची. बोली माणशी असते, खोलीतल्या पहिल्या दोघांवर धरतात, म्हणजे शंभर डॉलर लिहिले की दोनशे गेले. आणि बोली लागली की तुमचा निवडून निवडून घेतलेला नंबर सुटतो, नवीन खोली त्या प्रकारातली कुठलीही. डेक प्लॅन घेऊन तासभर बसलेल्या माणसाने बोली लावू नये, सगळी मेहनत पाण्यात. टिप वेगळी लागते, साध्या खोल्यांना माणशी रोज साधारण अठरा-वीस डॉलर, इंटिरियर असो की बाल्कनी सारखीच, पोरांचीही पूर्ण, स्वीटला थोडी जास्त. चौघांचं आठवडाभराचं गणित आधी करून ठेवा नाहीतर शेवटच्या दिवशी बिल बघून हॅटरसशिवाय मळमळेल.

खोलीच्या आतल्या दोन-तीन गोष्टी ज्या डेक प्लॅनवर दिसत नाहीत. बाथरूमला आणि बाल्कनीला चांगला उंच उंबरठा असतो, सासऱ्यांना मी त्यावर लाल चिकटपट्टी लावून दिली, रात्री अंधारात ठेच लागायला नको. व्हीलचेअर लागणाऱ्यांसाठी वेगळ्या मोठ्या खोल्या असतात, रुंद दार, सपाट बाथरूम, त्या ज्यांना खरंच लागतात त्यांच्यासाठी राहू द्या, मोठी मिळते म्हणून घेणारे महाभाग पाहिलेत. जेट स्प्रे नाही, मग्गा न्या, यात लाजायचं काय. चहाची किटली, इस्त्री, राइस कुकर काही चालत नाही, तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात, त्यामुळे पहाटेचा चहा पाचव्या डेकच्या कॅफे प्रॉमिनाडमधून थर्मासमधे आणायचा. आलं-वेलची आपली आपण. हे काम नवऱ्याकडे दिलं होतं, बुकिंगच्या वेळी 'लिफ्टपासून लांबची घे, शांत असते' असा हट्ट तोच धरत होता, आता म्हणतो लिफ्ट जवळ होती ते बरं झालं.

मुंबई-पुण्याहून कॉर्डेलिया या भारतातल्या क्रूझ कंपनीचं ठरवताय त्यांच्यासाठी थोडं. कॉर्डेलिया एम्प्रेस हे मूळचं रॉयल कॅरिबियनचंच जहाज, १९९० सालचं, पहिलं नाव नॉर्डिक एम्प्रेस, गंमत म्हणजे तेही सेंट नझेअरलाच बांधलेलं. पण ४८ हजार टनांचं, सिम्फनीच्या चौथा भागसुद्धा नाही, त्यामुळे मधली आणि खालची खोली घ्या हा नियम तिथे जास्तच लागू. बाल्कनीच्या खोल्या मोजक्या आहेत आणि लवकर जातात, नाही मिळाली तर मधल्या भागातली खिडकीची खोली घ्या, गोव्यापर्यंत तेवढी पुरते. पूल डेक आणि डीजे कुठे आहे ते इथेही बघाच, आपल्याकडची पार्टी लवकर संपत नाही. आणि एजंट 'सर सी-व्ह्यू दिला' म्हणाला की डेक आणि केबिन नंबर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, प्लॅन उघडून खिडकीसमोर लाइफबोट आहे का ते तपासा, मग पैसे ट्रान्सफर करा.